जुन्या मॅसी १०३५ ला बॅकहो बसवताना: आधी फ्रेम, मग पंप, शेवटी बकेट

बॅकहो, म्हणजे चर खणायचा हायड्रॉलिक हात, विकत आणायचा, मागच्या तीन-पॉइंट लिंकेजला टांगायचा, दोन होज पाईप ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला जोडायचे आणि चर खणायला लागायचं. बहुतेक ठिकाणी काम असंच होतं आणि काही दिवसांत टॉपलिंकचं (लिंकेजच्या वरच्या दांड्याचं) ब्रॅकेट तुटतं, गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल झिरपू लागतं किंवा तेल उकळून सगळं ढिलं पडतं. बॅकहोत दोष नसतो. जोडणीचा क्रम उलटा झालेला असतो.

इथलं माप आणि तपशील जुन्या मॅसी फर्ग्युसन १०३५ साठी, म्हणजे ३५-३६ एचपीच्या ट्रॅक्टरसाठी आहेत. तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या जुन्या ट्रॅक्टरलाही क्रम हाच ठेवा, मापं मात्र स्वतःच्या ट्रॅक्टरवरून घ्या.

## आधी समजून घ्यायच्या दोन गोष्टी

पहिली म्हणजे या ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग एकमेकांना बोल्टने जोडलेले आहेत आणि तोच त्याचा कणा. नांगर या कण्याला पुढून मागे ओढतो, ते त्याला सोसतं. बॅकहो मात्र मागचा भाग वर उचलतो, खाली दाबतो आणि बाजूला पिळतो. प्रत्येक बकेटमागे इंजिन-गिअरबॉक्सचा सांधा थोडा उघडतो आणि मिटतो. बोल्ट ढिले होतात, मग बिडाचं हाउसिंग तडकतं. म्हणून मागच्या अॅक्सलपासून पुढच्या अॅक्सलच्या सपोर्टपर्यंत जाणारी सबफ्रेम लागतेच.

दुसरी गोष्ट तेलाची. मॅसीचा लिफ्टचा पंप मागच्या हाउसिंगच्या आत असतो आणि गिअरचंच तेल वापरतो. अवजार उचलायला तो पुरतो. बॅकहोला मिनिटाला ४० लिटरच्या आसपास तेल लागतं, त्याच्या निम्मंही तो देत नाही. शिवाय बॅकहोच्या सिलिंडरमधला कचरा गिअरमध्ये आणि गिअरचा बुरा सिलिंडरमध्ये जातो. बॅकहोला स्वतंत्र पंप, स्वतंत्र टाकी आणि स्वतंत्र तेल हवं.

## टप्पा १: ट्रॅक्टर झेपेल का, ते तपासा

१. बॅकहो ७ फूट (सुमारे २.१ मीटर) खोलीपर्यंतचा, १२ ते १५ इंची बकेटचा आणि वजनाला ४०० किलोच्या आतला निवडा. त्याहून मोठा स्वस्तात मिळाला तरी या ट्रॅक्टरला घेऊ नका.

२. ट्रॅक्टर वजनकाट्यावर न्या. साखर कारखान्याचा किंवा बाजार समितीचा काटा चालेल. आधी पूर्ण वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पुढच्या अॅक्सलचं वजन घ्या. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

३. हिशोब करा. समजा पूर्ण वजन १,७०० किलो आणि पुढच्या अॅक्सलवर ६४० किलो आहे. पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर १८३ सेंटिमीटर. ४०० किलोचा बॅकहो दुमडल्यावर त्याचा भारमध्य मागच्या अॅक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे येतो. पुढून उचललं जाणारं वजन ४०० × ९० ÷ १८३, म्हणजे सुमारे १९७ किलो. पुढे उरले ४४३. एकूण वजन झालं २,१००, म्हणजे पुढे राहिले २१ टक्के. पुढच्या अॅक्सलवर एकूण वजनाच्या किमान २० टक्के वजन राहायलाच हवं, नाहीतर स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. हे अगदी काठावर आहे. पुढे ६० ते ८० किलोची वजनं लावा.

मागच्या टायरमध्ये पाणी भरून पुढचा हलकेपणा जात नाही. ते वजन मागच्या अॅक्सलवरच बसतं. ही चूक फार जण करतात.

४. हे तपासा आणि आधी दुरुस्त करा: इंजिन-गिअरबॉक्स-हाउसिंगच्या सांध्यांचे सगळे बोल्ट, दोन्ही ट्रम्पेटचे (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या बिडाच्या निमुळत्या नळ्यांचे) बोल्ट, पुढच्या अॅक्सलची मधली पिन आणि बुश, पीटीओ शाफ्टच्या (अवजाराला इंजिनची ताकद देणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) खाचा, पीटीओचं ऑइल सील, दोन्ही ब्रेक आणि रेडिएटर. बॅकहो बसल्यावर यातल्या निम्म्या जागी हात पोचत नाही. ट्रॅक्टर उभ्या जागी तासनतास चालणार असल्याने रेडिएटरच्या जाळीतला भुसा आतून बाहेर फुंकून काढा.

सावध: सांध्याचा बोल्ट ढिला सापडला तर नुसता आवळून पुढे जाऊ नका. काढा, आटे बघा, स्वच्छ करून परत बसवा. जुन्या मॅसीत बऱ्याच ठिकाणी इंची आटे आहेत. अर्ध्या इंचाच्या भोकात १२ मिलिमीटरचा बोल्ट जातो, आवळल्यासारखाही वाटतो, पण आटे फक्त टोकाला धरतात आणि पहिल्याच जोरात ओघळतात.

## टप्पा २: सामान जमवा

सगळं सामान समोर आल्याशिवाय ट्रॅक्टर उघडू नका.

फ्रेमसाठी: १०० × ५० × ६ मिलिमीटरचा चौकोनी पाईप, दोन लांब तुकडे. प्रत्येक साधारण साडेसहा ते सात फूट, नेमकी लांबी तुमच्या ट्रॅक्टरवरून. उघड्या चॅनेलपेक्षा बंद पाईप पिळाला जास्त टिकतो. अॅक्सलच्या पॅडसाठी २० मिलिमीटर प्लेट, बॅकहोच्या जोडणीसाठी १६ मिलिमीटर, कोपऱ्यांच्या तिकोनी तुकड्यांसाठी १० मिलिमीटर. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचेच. डोक्यावर आकडा कोरलेला नसेल तर तो बोल्ट या कामाचा नाही.

हायड्रॉलिकसाठी:
- पीटीओवर बसणारा १:३ चा वेग वाढवणारा गिअरबॉक्स आणि २५ सीसीचा (एका फेरीत तेवढं तेल देणारा) गिअर पंप
- ६० लिटरची टाकी, ब्रीदर (हवा आत-बाहेर जाऊ देणारं झाकण) आणि तेल दाखवणाऱ्या काचेसह
- सहा लिव्हरचा ओपन-सेंटर (लिव्हर मोकळ्या असताना तेल सरळ टाकीत परत जाऊ देणारा) व्हॉल्व ब्लॉक, आत मेन रिलीफ व्हॉल्व (ठरलेल्या दाबावर गेलं की तेल सोडून देणारा) असलेला
- सक्शनला (टाकीतून पंपाकडे) १२५ ते १५० मायक्रॉनची जाळी, रिटर्नला (परत टाकीकडे) २५ मायक्रॉनचा फिल्टर
- सक्शनचा सव्वा इंची पाईप, प्रेशरचा अर्धा इंची दोन जाळ्यांचा होज, रिटर्नचा पाऊण इंची होज
- २५० बारचा प्रेशर गेज
- ६५ ते ७० लिटर आयएसओ ६८ हायड्रॉलिक तेल

पंपाचा हिशोब असा. पीटीओ ५४० फेऱ्या, तिप्पट केल्यावर १,६२०. पंप २५ सीसीचा, म्हणजे मिनिटाला सुमारे ४० लिटर. १४० बार दाबाला पंपाची गळती धरून साधारण १५ एचपी लागतात. ट्रॅक्टरकडे ते आहेत. गिअरबॉक्स न लावता हाच पंप सरळ पीटीओला लावला तर तेल मिळतं जेमतेम १३ लिटर आणि बूम (बॅकहोचा मुख्य हात) इतका हळू उठतो की लोक पंपच खराब आहे असं समजतात.

## टप्पा ३: सबफ्रेम

संपूर्ण कामात सर्वांत जास्त वेळ इथे घाला.

१. ट्रॅक्टर सपाट काँक्रीटवर उभा करा. टायरची हवा दोन्ही बाजूंना सारखी करा. लिंकेजचे दोन्ही खालचे हात आणि टॉपलिंक काढून ठेवा.

२. मागच्या बाजूला दोन्ही ट्रम्पेटखाली पॅड बसवा. ट्रम्पेट निमुळता आहे, त्यामुळे नुसता यू-बोल्ट आवळला तर तो हळूहळू बारीक बाजूकडे सरकतो आणि सैल होतो. पुठ्ठ्याचा साचा कापून ट्रम्पेटच्या उताराला बसेल असं खोबण असलेलं पॅड तयार करा. ते खालून लावा, वरून पट्टी घ्या आणि चार बोल्टनी आवळा. शिवाय ते सरकू नये म्हणून मडगार्डच्या किंवा फ्लँजच्या बोल्टला एक आडवी पट्टी धरा.

सावध: ट्रम्पेटला किंवा हाउसिंगला वेल्डिंग करू नका, एक टाकासुद्धा नको. बिडाचा भाग वेल्डिंगच्या शेजारून तडकतो आणि ती चीर तेल गळेपर्यंत दिसत नाही.

३. पुढची टोकं पुढच्या अॅक्सलच्या सपोर्टला दोन्ही बाजूंनी बोल्टने धरा. रेडिएटरच्या ब्रॅकेटला किंवा इंजिनच्या सम्पला (खालच्या तेलाच्या भांड्याला) काहीही टेकता कामा नये.

४. दोन्ही लांब पाईप जागेवर धरून फक्त टाके मारा. मागे आडवा पाईप, पुढे आडवी प्लेट. दोन्ही कर्ण टेपने मोजा, फरक ३ मिलिमीटरच्या आत आणा.

५. आता पूर्ण वेल्डिंगच्या आधीची तपासणी. जॅकने पुढचं एक चाक अॅक्सल अडेपर्यंत वर उचला, मग दुसरं. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. रॉड, अॅक्सल आणि फ्रेम यांत प्रत्येक जागी किमान २५ मिलिमीटर फट हवी. क्लच आणि ब्रेकचे पेडल पूर्ण दाबून पाहा. इंजिन आणि गिअरबॉक्सचे ड्रेन प्लग पान्याने उघडता येतात का, स्टार्टर फ्रेम न काढता बाहेर येतो का, तेही बघा. आत्ता पाईप कापणं सोपं आहे.

६. फ्रेम खाली काढून वेल्डिंग करा. ७०१८ रॉड वापरा, कोरडा. एका बाजूला सलग न भरता समोरासमोर आलटून पालटून थोडं थोडं भरा, नाहीतर फ्रेम तिरकी होते. कोपऱ्यांना तिकोनी तुकडे द्या, पण ते थेट टोकाला न संपवता थोडे पुढे उतरते ठेवा. अचानक संपणाऱ्या वेल्डजवळच पाईप तुटतो.

७. परत चढवा. आधी सगळे बोल्ट हाताने लावा, मग आवळा. ८.८ ग्रेडच्या एम-१६ ला साधारण २०० न्यूटन-मीटर, एम-२० ला साधारण ४०० न्यूटन-मीटर. प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या प्लेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. पुढे ढिला झालेला बोल्ट रेघ तुटल्याने लांबूनच दिसतो.

तपासणी: बोल्ट आवळताना फ्रेम वाकत किंवा ओढली जात असेल तर थांबा. फट राहिलेल्या जागी पातळ पत्रा भरा. ताणात बसवलेली फ्रेम स्वतःच हाउसिंगला पिळते.

## टप्पा ४: पंप आणि टाकी

पंपाचा गिअरबॉक्स पीटीओच्या शाफ्टवर सरकवा. तो फिरू नये म्हणून एक टॉर्क आर्म लागतो, आणि तो फ्रेमला घट्ट बोल्ट करायचा नाही. जाड साखळी किंवा दोन्ही टोकांना पिन असलेली पट्टी लावा, म्हणजे शाफ्ट किंचित डोलला तरी गिअरबॉक्स बरोबर डोलेल. घट्ट बांधला की पीटीओचं बेअरिंग आणि सील जातं. पूर्ण जोरात शाफ्टवर सुमारे २०० न्यूटन-मीटर पीळ येतो. आर्म ३० सेंटिमीटरचा असेल तर टोकाला जवळजवळ ७० किलोची ओढ येते. सायकलच्या साखळीचं हे काम नाही.

पंपाची फिरण्याची दिशा बघा. पीटीओ मागून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, पण एका जोडीचा गिअरबॉक्स ती दिशा उलटी करतो. पंपावरचा बाण गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या दिशेशी जुळला पाहिजे. उलट्या दिशेने पंप काही सेकंद जरी चालला तरी सील बाहेर फेकतो.

टाकी पंपापेक्षा उंच बसवा. सक्शनचा पाईप आखूड, सरळ आणि सव्वा इंचीच. दुकानात पाऊण इंची सहज मिळतो म्हणून तो लावला जातो. मग पंप तेलाऐवजी बुडबुडे ओढतो, खडखडतो आणि महिन्याभरात आतून कुरतडला जातो. रिटर्न पाईपचं टोक तेलाच्या पातळीखाली ठेवा आणि सक्शन-रिटर्नच्या मध्ये एक आडवा पत्रा टाका, म्हणजे गरम फेसाळलेलं तेल लगेच परत ओढलं जात नाही.

टाकी आतून स्वतः साफ करा. वेल्डिंगचे मणी छिन्नीने काढा, चुंबक फिरवा, डिझेलने धुवा, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. चिंध्या वापरू नका, त्यांचे धागे व्हॉल्वमध्ये अडकतात.

## टप्पा ५: बॅकहो चढवणं

१. बॅकहो त्याच्या पायांवर (दोन्ही बाजूंच्या हायड्रॉलिक टेकूंवर) आणि बकेटवर टेकवून सरळ उभा करा. ट्रॅक्टर मागे घेऊन त्याच्याजवळ न्या. चेनपुलीला टांगलेल्या बॅकहोखाली कोणी हात घालू नये.

२. खालच्या दोन हुकांत पिन बसवा, मग पायांनी बॅकहो उचलून वरचे दोन लॉक जुळवा. चारही जागा सबफ्रेमवरच. एकही टॉपलिंकच्या ब्रॅकेटवर नको. टॉपलिंकवर टांगलेल्या बॅकहोची ती एक पिन तुटली की वरचा भाग चालकासकट पुढे ट्रॅक्टरच्या सीटवर आणि स्टिअरिंगवर कोसळतो. या सगळ्या कामात माणूस दगावण्याची सर्वांत मोठी जागा हीच.

३. दुमडलेल्या स्थितीत बॅकहोची खालची बाजू जमिनीपासून किमान ३० सेंटिमीटर वर हवी. बांध ओलांडताना हे लागतं.

४. इंजिन बंद करायची वायर बॅकहोच्या सीटपर्यंत आणा. मागे बसलेल्या माणसाचा पाय क्लचपर्यंत पोचत नाही. काही बिनसलं तर हातात हीच एक वायर असते. हे काम कधीच टाळू नका.

## टप्पा ६: पाईप जोडणं आणि पहिलं चालवणं

सहा लिव्हर: स्विंग (बाजूला फिरवणं), बूम, आर्म (बूम आणि बकेटमधला हात), बकेट, डावा पाय, उजवा पाय. होज जोडताना दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाची चिकटपट्टी लावा. सगळ्या हालचाली पूर्ण करून होज कुठे ताणला जातो, कुठे पिचतो ते आधी हाताने बघा. पायांच्या सिलिंडरवर लॉक व्हॉल्व लावा, म्हणजे होज फुटला तरी ट्रॅक्टर एका बाजूला बसत नाही.

व्हॉल्व ओपन-सेंटर आहे याची परत खात्री करा. क्लोज्ड-सेंटर ब्लॉक गिअर पंपाला लावला तर लिव्हर मोकळ्या असतानाही सगळं तेल रिलीफवरून जातं आणि थोड्याच वेळात टाकीला हात लावता येत नाही.

सुरू करताना:

१. सगळे सिलिंडर आत ओढलेले असताना टाकी खुणेपर्यंत भरा. सिलिंडर बाहेर असताना काठोकाठ भरली तर ते आत येताना तेल ब्रीदरमधून उडतं.

२. रिलीफचा स्क्रू जवळजवळ पूर्ण सैल करा. गेज प्रेशर लाइनवर लावा.

३. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. काही जुन्या मॅसीत पीटीओच्या लिव्हरला चाकांच्या वेगाची दुसरी जागा असते. त्या जागेवर उभ्या ट्रॅक्टरचा पीटीओ फिरतच नाही, आणि लोक पंप उघडून बसतात.

४. इंजिन मंद वेगावर ५ मिनिटं. एकेक लिव्हर हळू हलवून प्रत्येक सिलिंडर दोन-तीनदा पूर्ण आत-बाहेर करा. हवा निघेपर्यंत तो झटके देईल. तेल बघून भरा.

५. इंजिन कामाच्या वेगावर आणा. बकेट पूर्ण दुमडून लिव्हर धरून ठेवा आणि रिलीफचा स्क्रू हळूहळू आवळत गेजवर १४० बार आणा. एका वेळी ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. चेकनट आवळा.

सावध: जोर कमी वाटतो म्हणून १४० चं १८० करू नका. जोर वाढतो तो बॅकहोचा, हाउसिंग तेच जुनं राहतं.

सावध: गळती हाताने चाचपू नका. दाबाखालची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि बाहेर फक्त टाचणीएवढा ठिपका दिसतो. पुठ्ठा फिरवून बघा. तेल आत गेलंच तर दुखत नसलं तरी त्याच तासात इस्पितळ गाठा आणि डॉक्टरांना दाबाचं हायड्रॉलिक तेल असं स्पष्ट सांगा.

## टप्पा ७: पहिले दहा तास

पहिला चर मोकळ्या, मऊ जमिनीत तीन फुटांपर्यंतच. आधी पाय खाली घ्या, मागच्या टायरचा फुगवटा निघेपर्यंत. टायर पूर्ण अधांतरी करू नका. या ट्रॅक्टरला पुढे लोडरची बकेट नाही, त्यामुळे आर्म ओढताना तो स्वतःच चराकडे सरकतो. मागच्या चाकांच्या मागे दगड नव्हे, लाकडी पाचर लावा.

बकेट बाजूला फिरवून चराच्या भिंतीवर आपटून माती पाडू नका. स्विंगच्या पिना त्यासाठी नाहीत. मुरूम लागला की पातळ थर काढा, बकेट पूर्ण रोवून इंजिन दाबू नका.

काळ्या जमिनीत चराच्या कडा अचानक ढासळतात. चर खोल होत जाईल तसे पाय कडेपासून लांब ठेवा आणि चार फुटांहून खोल, आधार नसलेल्या चरात कोणालाही उतरू देऊ नका. खणण्याआधी मोटारीची केबल, ठिबकची मेन लाइन आणि शेजाऱ्याची पाइपलाइन कुठून जाते ते विचारून खुंट्या ठोका.

पहिल्या तासानंतर, मग पाचव्या आणि दहाव्या तासाला सगळे बोल्ट परत आवळा. रेघ जुळत नसलेला बोल्ट सापडला तर आवळण्याआधी तो का सुटला ते शोधा. रिटर्न फिल्टर पहिल्यांदा २५ ते ५० तासांत बदला, कारण टाकीतला सगळा बुरा पहिल्याच फिल्टरात येतो. सगळ्या पिनांना दर ८ तासांनी ग्रीस द्या.

काय बिनसलं ते साधारण असं ओळखता येतं. तेल फेसाळ आणि पंप खडखडतो, तर सक्शनमध्ये हवा. हालचाल सुरुवातीला बरी आणि तासाभराने ढिली, तर तेल तापतंय: रिलीफ सतत उघडतंय किंवा पंप झिजलाय. एकच सिलिंडर खाली बसतो, तर त्याचं सील किंवा त्याच्याच लिव्हरचा स्पूल (व्हॉल्वमधली सरकती दांडी). क्लचच्या हाउसिंगखाली नवीन तेलाचा डाग दिसला तर खणणं ताबडतोब थांबवा. बहुधा फ्रेम सुटली आहे आणि भार परत ट्रॅक्टरच्या कण्यावर आला आहे.

रस्त्यावर नेताना बूम आणि स्विंगच्या लॉक पिना लावा, पुढची वजनं काढू नका, उतारावर गिअर सोडू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात नोंदणीशी न जुळणारा बदल करता येत नाही, त्यामुळे बॅकहो कायमचा ठेवायचा असेल तर आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही आधी लेखी विचारा. काम संपलं की बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर हलवून उरलेला दाब सोडून मगच सीटवरून उतरा.